कारखान्याची धातुमिश्रित राख व गाळ : प्रजननास होणाऱ्या अपायाची आकारणी

जमिनीची आकारणी कशी होते, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. नुसत्या काळ्या रंगावरून कोणतीही जमीन सोळा आणे ठरत नाहीं. मातीची जात, थराची खोली, रेतीचें व चुनखडीचें मिश्रण, उतार, पाण्याची सोय हीं सर्व एकामागून एक पाहावीं लागतात, आणि मगच आकार बसतो. परंतु त्याच जमिनीच्या सुधारणेसाठीं म्हणून कोणी कारखान्याची राख किंवा गाळ देऊं केला, कीं आपण ही सारी रीत विसरतों व “फुकट आहे, पडूं दे” एवढ्या एका वाक्यावर ट्रॉल्या रिकाम्या करून घेतों. अशा मालांत कोणते धातू असतात, त्यांपासून माणसांच्या व जनावरांच्या वंशवृद्धीस कितपत धोका आहे, आणि तो धोका क्रमाक्रमानें कसा आकारावा, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

हा विषय सुचण्याचें कारण घरचेंच आहे. मीं महसूल खात्यांत कारकुनी केली. शिक्षण मराठी शाळेपुरतेंच. गेल्या उन्हाळ्यांत माझ्या पुतण्यानें जस्ताच्या एका कारखान्यांतून निघालेली करड्या रंगाची भुकटी चार ट्रॉल्या आणून गोठ्यामागें टाकिली. आणून देणाऱ्या दलालानें जो कागद दिला, त्यावर जस्त किती टक्के एवढेंच लिहिलें होतें. वारा सुटला म्हणजे भुकटी अंगणांत येई. पुतसून ती रोज झाडून काढी, आणि तिला त्या वेळीं चौथा महिना होता. कागद वाचण्यासाठीं माझ्याकडे आला. लिहिलें होतें तें मीं वाचून दाखविलें. पण पुष्कळ वर्षें पंचनामे लिहून एक गोष्ट मला कळली आहे, ती ही कीं, कागदावर जें लिहिलेलें नसतें तेंच बहुधा विचारावयाचें असतें.

प्रजननास अपाय म्हणजे काय

विष म्हटलें म्हणजे तें पोटांत जातांच मनुष्य आजारी पडावा, अशी आपली समजूत असते. प्रजननास बाधणाऱ्या विषाचें तसें नसतें. त्याचे चार प्रकार मानावे : पहिला, नराच्या वीर्यास अपाय, दुसरा, मादीच्या गर्भधारणेस अडथळा, तिसरा, पोटांतील गर्भाचा नाश, व्यंग किंवा खुंटलेली वाढ, आणि चौथा, दुधावाटे तान्ह्यास होणारा अपाय. या चारही प्रकारांत आईबाप वरून धडधाकट दिसूं शकतात. म्हणून “आम्हांस तर कांहीं झालें नाहीं” हा पुरावा येथें ग्राह्य धरतां येत नाहीं.

जपानांतील मिनामाता येथील रोगाची अधिकृत नोंद १९५६ सालीं झाली. तेथील रसायनांच्या कारखान्यांतून पारायुक्त सांडपाणी उपसागरांत जात असे. त्यांतील मिथिल-पारा माशांच्या अंगांत सांठे, व ते मासे कोळ्यांच्या ताटांत येत. कित्येक आयांस स्वतःस अगदीं सौम्य लक्षणें असतां किंवा मुळींच लक्षणें नसतां, त्यांचीं मुलें मेंदूच्या गंभीर व्यंगासह जन्मास आलीं. वार ही विषास अडविते, असा तोंपर्यंत समज होता. तो तेथें खोटा ठरला.

दुसरें उदाहरण दगडी कोळशाच्या राखेचें आहे. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना राज्यांत बेल्यूज नांवाचा तलाव एका वीजकेंद्राचें पाणी थंड करण्याकरितां बांधला गेला. १९७४ पासून १९८५ पर्यंत राखेच्या तळ्याचें पाणी त्यांत येत होतें. त्या पाण्याबरोबर सेलेनियम हा धातुसदृश पदार्थ येई. तलावाच्या पाण्यांत त्याचें प्रमाण लिटरामागें सुमारें १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक लाखाव्या हिश्शाइतकें होतें. मोठे मासे पोहत, चरत व चांगले दिसत. परंतु मादीच्या अंगांतील सेलेनियम अंड्यांच्या बलकांत उतरे, आणि पिल्लें वांकड्या कण्याचीं निपजत अथवा मरत. तलावांत माशांच्या २० जाती होत्या. त्यांपैकीं बहुतेक सर्व नाहींशा झाल्या. मासे मेले म्हणून तलाव ओस पडला नाहीं. पुढची पिढीच आली नाहीं म्हणून ओस पडला. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर येथील वीजकेंद्रांच्या राखेच्या शेजारीं ज्यांचीं शेतें आहेत, त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

आकारणीचे पांच टप्पे

अशा मालाची अडचण ही कीं, तो एकजिनसी नसतो. त्यांत दहा-वीस धातू निरनिराळ्या रूपांत मिसळलेले असतात, व आजची ट्रॉली कालच्यासारखी असेल असें नाहीं. प्रत्येक ढिगाचें उंदरांवर दोन पिढ्या परीक्षण करणें कोणासही शक्य नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ मालाचे घटक वेगळे काढून, ज्या घटकाविषयीं पूर्वीं परीक्षण झालेलें आहे त्यावरून एकंदर मालाचा निर्णय करितात. ती पद्धत आपल्या समजुतीसाठीं पांच टप्प्यांत मांडतों.

पहिला टप्पा : उगम. माल कोणत्या कारखान्यांतील कोणत्या क्रियेनंतर उरला, हें प्रथम विचारावें. जस्ताच्या खनिजांत शिसें व कॅडमियम हे निसर्गतःच सोबती असतात; म्हणून जस्ताच्या गाळांत ते असणारच असें धरून चालावें. बॅटऱ्या वितळविलेल्या भट्टीच्या मळींत शिसें, अँटिमनी व आर्सेनिक. मुलामा देण्याच्या कारखान्याच्या गाळांत निकेल व क्रोमियम. कोळशाच्या राखेंत आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, क्रोमियम व शिसें. (साखर कारखान्याची मळी येथें अभिप्रेत नाहीं.)

दुसरा टप्पा : प्रमाण. पृथक्करणाच्या अहवालांत किलोमागें मिलिग्रॅम असे आंकडे असतात. एका किलोमागें एक मिलिग्रॅम म्हणजे एका टनामागें एक ग्रॅम, आणि एक टक्का म्हणजे किलोमागें १०,००० मिलिग्रॅम, एवढें पाठ असलें कीं पुढील हिशेब सोपा आहे. युरोपच्या २००८ सालच्या वर्गीकरण-नियमांत शिसें हें मनुष्यांत सिद्ध झालेलें प्रजनन-विष म्हणून पहिल्या वर्गाच्या वरच्या पोटभागांत घातलें आहे. पारा, कोबाल्ट, निकेलचे कित्येक क्षार, कॅडमियमचे विद्राव्य क्षार व डायक्रोमेटें हीं त्याच वर्गाच्या दुसऱ्या पोटभागांत येतात. तेथें निर्णय मुख्यतः जनावरांवरील परीक्षणांवरून केलेला असतो.

तिसरा टप्पा : रूप. एकच धातू एका रूपांत निरुपद्रवी व दुसऱ्यांत घातक असूं शकतो. क्रोमियमचें त्रिसंयुजी रूप बरेंच निष्क्रिय असतें, पण षट्संयुजी रूप पाण्यांत विरघळतें व पेशींत शिरतें. शिशाचें गंधकाबरोबरचें खनिज जठररसांत थोडें विरघळतें. शिशाचा ऑक्साइड व कार्बोनेट पुष्कळ अधिक. भट्टींत वितळून कांचेसारख्या घट्ट झालेल्या मळींत धातू कोंडला जातो. तीच मळी बारीक दळली कीं त्याचा कांहीं भाग मोकळा होतो. यासाठीं कारखान्याचा प्रत्येक टाकाऊ पदार्थ सरसकट नाकारणेंही बरोबर नाहीं. पोलादाच्या भट्टीची स्फुरदयुक्त मळी दळून युरोपांतील शेतकऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खत म्हणून वापरली, व तिनें पिकें वाढलीं.

चौथा टप्पा : सुटणारा भाग. मालांत आहे तेवढें सर्व शरीरांत जात नाहीं. प्रयोगशाळेंत जठररसासारखें आम्ल करून, शरीराइतक्या उष्णतेंत (३७ अंश) माल तासभर हालवितात व किती धातू सुटला तें मोजतात. याहून निराळी परीक्षा म्हणजे कचराभूमींतून पाण्यावाटे काय झिरपेल तें पाहण्याची. तींत माल सौम्य आम्लांत १८ तास फिरवितात. दुसऱ्या परीक्षेंत माल उतरला एवढ्यावरून तो पहिलींत उतरेलच असें नाहीं; कारण पोटांतील आम्ल फार तीव्र असतें. दलाल बहुधा झिरपण्याच्या परीक्षेचा अहवाल दाखवितो. आपण विचारावें, “पोटाच्या रसाचा कोठें आहे?”

पांचवा टप्पा : वाट. कोणाच्या पोटांत, कोणत्या वाटेनें, व केव्हां? शिसें दाण्यांत फारसें चढत नाहीं. तें मातीस चिकटून राहतें आणि धूळ, न धुतलेली पालेभाजी, मुलांचे हात व जनावरांची जीभ या वाटांनीं आंत येतें. एकदां आंत गेलें कीं तें हाडांत कॅल्शियमच्या जागीं बसतें व वीस-तीस वर्षें तेथें राहतें. गरोदरपणांत व मूल अंगावर पीत असतां आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतें, त्याबरोबर शिसेंही निघतें. तें वारेंतून गर्भास व दुधांतून तान्ह्यास पोंचतें. म्हणजे पोरवयांत खाल्लेल्या धुळीचें देणें पुढील पिढीस द्यावें लागतें. पुरुषही यांतून सुटत नाहीं. रक्ताच्या १०० मिलिलिटरांत ४० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसें झालेल्या कामगारांत शुक्रबीजें कमी झाल्याचें आढळलें आहे. रक्तांतील अमुक मर्यादेपर्यंत शिसें निर्धोक, अशी कोणतीही मर्यादा ज्ञात नसल्याचें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कॅडमियमची वाट निराळी. तें पिकांत सहज चढतें, विशेषतः भातांत व पालेभाज्यांत. जमीन आम्लधर्मी असेल तर अधिक. म्हणून कोंकणच्या जांभ्या जमिनींत देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीपेक्षां अधिक सावध असावें. जपानांत जिंझू नदीच्या खोऱ्यांत खाणीच्या टाकाऊ द्रव्यांतलें कॅडमियम पाटाच्या पाण्यानें भातखाचरांत पसरलें. हाडें ठिसूळ करणाऱ्या त्या रोगाचें खाणीशीं असलेलें नातें सरकारनें १९६८ सालीं मान्य केलें. रोगी बहुतेक उतार वयाच्या, अनेक बाळंतपणें झालेल्या स्त्रिया होत्या. खाचरांची माती बदलण्याचें काम १९७९ सालीं सुरू झालें तें तीस वर्षांहून अधिक काळ चाललें. शिवाय ज्या स्त्रीच्या रक्तांत लोह कमी, तिच्या आंतड्यांतून कॅडमियम अधिक शोषलें जातें. आणि आपल्याकडे गरोदर स्त्रियांत लोहाची उणीव किती सामान्य आहे, हें सर्वांस माहीत आहे.

मर्यादेचा आंकडा कसा वाचावा

येथें एक फसगत होते, ती स्पष्ट करून सांगणें अवश्य आहे. युरोपच्या वरील नियमांत पहिल्या वर्गाचें प्रजनन-विष मिश्रणांत शेंकडा ०.३ किंवा अधिक असेल तर त्या मिश्रणावर तशी चिठ्ठी लावावी लागते. (शिशाच्या भुकटीस ही मर्यादा दसपट कडक, म्हणजे ०.०३ आहे.) शेंकडा ०.३ म्हणजे किलोमागें ३,००० मिलिग्रॅम. आतां आपल्या खत नियंत्रण आदेशांत शहरी कचऱ्याच्या कंपोस्ट खतासाठीं किलोमागें शिशाची कमाल मर्यादा १००, कॅडमियमची ५, निकेलची ५०, क्रोमियमची ५० व आर्सेनिकची १० मिलिग्रॅम आहे. म्हणजे “धोक्याच्या चिठ्ठीस पात्र नाहीं” असा माल कंपोस्टच्या मर्यादेच्या तीसपट शिसें बाळगूं शकतो. चिठ्ठीची मर्यादा माल हाताळणाऱ्यास सूचना देण्याकरितां आहे. शेतांत वर्षानुवर्षें पसरण्याकरितां नाहीं. त्याचप्रमाणें, त्या नियमांत असे निरनिराळे घटक सामान्यतः स्वतंत्रपणें मोजतात, त्यांची बेरीज करीत नाहींत. शरीरांत मात्र शिसें व कॅडमियम एकाच घासाबरोबर जातात.

आतां एक हिशेब करूं. आंकडे केवळ उदाहरणाकरितां घेतले आहेत. समजा, मालांत किलोमागें शिसें १,९०० व कॅडमियम ६० मिलिग्रॅम आहे, आणि एकरीं २ टन माल टाकावयाचा आहे. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचें वजन सुमारें ९०० टन भरतें. शिसें एकरीं ३.८ किलो पडलें. म्हणजे मातींत किलोमागें सुमारें ४.२ मिलिग्रॅम वाढलें. कॅडमियम एकरीं १२० ग्रॅम, म्हणजे वाढ ०.१३ मिलिग्रॅम. शिशाचा आंकडा मोठा दिसतो. पण स्वच्छ मातींत शिसें मूळचेंच दहा-वीस मिलिग्रॅम असतें, तर कॅडमियम अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आंत. चार वर्षें हाच माल टाकला तर कॅडमियम दुप्पट किंवा अधिक होतें, व तें पिकांत चढतें. आंकडा लहान म्हणून धोका लहान नव्हे. आणि धातू कुजत नाहीं, उडून जात नाहीं. सातबारावरील बोजाप्रमाणें तो जमिनीबरोबर मुलाच्या नांवें चढतो.

हें झालें शेताचें. ढिगाचें त्याहून वाईट. त्याच मालाची धूळ दिवसाला केवळ ५० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीहूनही कमी, एका स्त्रीच्या तोंडावाटे गेली तर शिसें ९५ मायक्रोग्रॅम गेलें. जठररसांत अर्धेंच सुटतें असें धरलें तरी ४७ राहिलें. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें गर्भधारणेच्या वयांतील स्त्रीसाठीं आहारांतील शिशाचा दैनिक संदर्भ-आंकडा ८.८ मायक्रोग्रॅम ठरविला आहे. म्हणजे पांचपट झालें. शेतांत पसरण्यापूर्वींच गोठ्यामागचा ढीग आपलें काम करीत असतो, हें यावरून दिसेल.

एक जुना पंचनामा

वीस वर्षांहून अधिक काळ झाला. एका गांवीं ओढ्याकाठच्या पडीक जमिनींत कोणी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसें वितळविण्याची भट्टी घातली होती. त्या वर्षीं शेजारच्या वस्तीवर तीन म्हशींनीं गाभ टाकिला, व एक वगार डोळ्यांनीं दिसेनासें होऊन भिंतीस डोकें लावून उभी राही, ती मेली. पंचनाम्यांत कारणाच्या रकान्यांत मीं “रोगानें” असें लिहिलें. कोणता रोग, हें साहेबांनीं विचारलें नाहीं. मींही कोणास विचारलें नाहीं. रक्ताचा नमुना घेतला नाहीं, राखेचाही नाहीं. भट्टी पुढें उठली व राख ओढ्यांत गेली.

तें शिसेंच होतें, असें मी आज म्हणत नाहीं. गुरांतील गर्भपाताचें एक नेहमींचें कारण ब्रुसेलोसिस हा सांसर्गिक रोग आहे, व तो माणसांसही होतो; त्याची तपासणी प्रथम झालीच पाहिजे. परंतु शिशाची राख गुरें आवडीनें चाटतात, आणि आंधळेपण व भिंतीस डोकें लावणें हीं शिशाच्या विषबाधेचीं जाणतीं लक्षणें आहेत. दोन्ही तपासण्या करावयाच्या होत्या; एकही झाली नाहीं. तो रकाना मीं कोरा ठेवला असता, तर निदान कोणीतरी विचारलें असतें. चुकीचा शब्द भरल्यानें चौकशीच बंद झाली.

काय करावें

१. उगम, क्रिया व सर्व धातूंचा अहवाल हातीं आल्याशिवाय माल उतरवूं देऊं नये. जस्ताचा आंकडा एकटा पुरेसा नाहीं. शिसें, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल व पारा हे सहाही रकाने भरलेले असावे. कोळशाच्या राखेस सेलेनियम व बोरॉन हे आणखी दोन.

२. धोकादायक टाकाऊ माल परवानगी असलेल्यासच द्यावा व गाडीबरोबर त्याचा चलनासारखा कागद असावा, असा २०१६ सालच्या नियमांचा दंडक आहे. तो कागद मागावा. जो माल फुकट मिळतो व शिवाय गाडीभाडेंही मिळतें, त्याची विल्हेवाट आपल्या शेतांत लावली जात आहे असें समजावें.

३. नमुना स्वतः घ्यावा. ढिगाच्या दहा जागांहून, वरचा व आंतला, सारखा माल घ्यावा. प्लास्टिकवर मिसळून चार भाग करावे. समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकावे. अर्धा किलो उरेपर्यंत असेंच करावें. लोखंडी घमेलें वापरूं नये. अर्धा नमुना प्रयोगशाळेस पाठवावा, अर्धा दोन पंचांच्या सह्यांनिशीं बंद करून घरीं ठेवावा.

४. जस्ताची उणीव असेल तर प्रमाणित झिंक सल्फेट घ्यावें. खत नियंत्रण आदेशाप्रमाणें त्यांत शिसें शेंकडा ०.००३ व कॅडमियम ०.००२५ याहून अधिक असतां कामा नये.

५. माल आधींच पडला असेल तर तो झांकावा, त्यावर पाणी शिंपडून धूळ बसवावी, गुरें दूर बांधावीं. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि मुलें यांस त्याच्याजवळ जाऊं देऊं नये. अंगण कोरडें न झाडतां ओलें पुसावें, व तें काम पुरुषानें करावें.

६. जनावरानें गाभ टाकला तर पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावें, व धातूच्या मालाची शंका असल्यास तसें स्पष्ट सांगावें. न सांगितल्यास ती तपासणी होत नाहीं. पडलेल्या गर्भास उघड्या हातानें शिवूं नये.

माझ्या पुतण्याच्या मालाचा अहवाल तीन आठवड्यांनीं आला. शिशाचा आंकडा कंपोस्टच्या मर्यादेच्या कित्येक पट निघाला, पण चिठ्ठीच्या ०.३ टक्क्यांच्या आंत होता. दलालानें तोच आंकडा दाखवून माल “नियमांत” असल्याचें सांगितलें. अहवाल व पंचांच्या सह्यांचा नमुना पुढें ठेवल्यावर त्यानें चारही ट्रॉल्या भरून नेल्या. तोंपर्यंत पुतसुनेस माहेरीं पाठविलें होतें, व तिच्या रक्तांतील शिसें तपासून घेतलें. तें किंचित् वाढलेलें होतें. वैद्यांनीं कॅल्शियम व लोह चालू केलें आणि पुन्हां तपासणी ठरविली. मूल कार्तिकांत झालें. दिसावयास चांगलें आहे. परंतु वर लिहिलेंच आहे कीं, दिसण्यावरून या आकारणीचा निर्णय होत नाहीं. म्हणून त्याचेंही रक्त वेळोवेळीं तपासावयाचें ठरलें आहे, व त्या तारखा मीं पंचांगावर मांडून ठेवल्या आहेत.